मशीन बदलण्याआधी चक बदलून पाहा

प्रश्न : कोल्हापूर जिल्ह्यातील एका वाचकाच्या दीर्घ पत्राचा हा गोषवारा. वय ६१ वर्षे. एका कारखान्याच्या तपासणी विभागात ३१ वर्षे नोकरी करून ते निवृत्त झाले आहेत. घर तळमजल्याचे असून त्याला लागून १० बाय १४ फुटांचे शेड आहे. त्यात साडेचार फुटी लेथ आणि तीन वर्षांपूर्वी घेतलेले, गोल खांबाचे, सुमारे पावणेतीनशे किलो वजनाचे मिलिंग-ड्रिलिंग मशीन आहे. लहानपणी गुऱ्हाळावर पाहिलेल्या आडव्या ऑइल इंजिनाची एक-तृतीयांश आकाराची चालती प्रतिकृती करणे, हा त्यांचा ध्यास आहे. बिडाची कास्टिंग जवळच्या फाउंड्रीतून मिळाली. परंतु मिलिंग मनासारखे होत नाही. पृष्ठभागावर लाटा उठतात, दोन जॉब झाले की एंडमिलची (मिलिंगच्या दातेरी कटरची) धार जाते आणि मशीनचे डोके (कटर फिरवणारा वरचा भाग) वर घेतले की आधी धरलेले केंद्र हरवते. ‘मशीनच बदलावे’ असे त्यांनी ठरवले असून त्यांच्यापुढे चार पर्याय आहेत. पहिला, १२० किलोचे नवे बेंच मिलिंग मशीन, १ लाख ४५ हजारांना. दुसरा, जुने एम-वन-टीआर हे टरेट मिलिंग मशीन, २ लाख १० हजारांना. तिसरा, बंद होत असलेल्या एका वर्कशॉपमधील एचएमटीचे एफएन-टू हे मोठे मिलिंग मशीन, जे भंगाराच्या भावाने मिळू शकते. चौथा पर्याय मुलाने सुचवला आहे : आहे त्याच मशीनला मोटारी बसवून सीएनसी (संगणकाने चालणारे) करून घेणे. खर्चाची मर्यादा अडीच लाखांची. ‘एकदाच घ्यावे आणि पुन्हा बघावे लागू नये, असे कोणते मशीन घेऊ?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात माझे लक्ष चार पर्यायांकडे होते. दुसऱ्या वाचनात तुम्ही जाता जाता लिहिलेल्या तीन वाक्यांनी मला थांबवले. एंडमिल तुम्ही मशीनसोबत आलेल्या ड्रिल चकमध्ये पकडता. वेगासाठी पट्टा बदलण्याची कटकट नको म्हणून मशीन कायम मिनिटाला १५०० फेऱ्यांवर ठेवता. आणि जॉब धरण्यासाठी ड्रिलिंगचा साधा व्हाइस वापरता. ही तीन वाक्ये एखाद्या तक्रारपत्रात पुरवठादाराने लिहिली असती, तर तपासणी विभागातल्या तुम्हीच लाल पेनाने त्यांखाली रेघ ओढली असती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मशीन बदलू नका, असे मला म्हणायचे नाही. पुढे मी बदलाच्याच बाजूने बोलणार आहे. मात्र जी चूक मशीनची नाही ती नव्या मशीनवरही तशीच येईल, आणि दोन लाख खर्चून झाल्यावर ती दिसली की तिचा त्रास फार होतो. म्हणून आधी दोष वेगवेगळे करू.

ड्रिल चकपासून सुरुवात करतो. ड्रिलवर जोर येतो तो उभा. एंडमिलवर येतो तो आडवा आणि तोही धक्क्याधक्क्याने. चकचे तीन जबडे एंडमिलच्या गुळगुळीत दांड्याला तीन अरुंद रेषांवर धरतात, त्यामुळे कटर हळूहळू खाली उतरतो आणि कापाची खोली आपोआप वाढत जाते. त्यातच चक ज्या छोट्या टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) बसवलेला असतो तो टेपरही आडव्या धक्क्यांनी सुटू शकतो. फिरता चक जॉबवर पडताना मी पाहिला आहे आणि तो पुन्हा पाहण्याची माझी इच्छा नाही. आता एक प्रयोग करा. चकमध्ये एंडमिल धरा, तिच्या दांड्याला डायल (सूक्ष्म फरक दाखवणारे काट्याचे माप) लावा आणि स्पिंडल (कटर फिरवणारा मुख्य दांडा) हाताने एक फेरा फिरवा. काटा एकूण ०.१० मिमी हलला, म्हणजे कटर केंद्रापासून ०.०५ मिमी बाजूला फिरतो आहे. चार दातांच्या एंडमिलला प्रत्येक दातामागे ०.०५ मिमी फीड (पुढे सरकण्याची चाल) द्यावा असे आपण धरून चाललो, तर त्यातला जवळजवळ सगळा भार एका बाजूच्या दातांवर येतो आणि समोरचा दात नुसता घासत जातो. तुम्हाला पृष्ठभागावर दिसणाऱ्या लाटांपैकी बऱ्याच लाटा इथून उठतात.

यावरचा उपाय स्वस्त आहे. तुमच्या स्पिंडलमध्ये मोर्स तीनचा टेपर असेल, तर त्याच टेपरचा ईआर-३२ कॉलेट चक (कटरच्या दांड्याला सगळीकडून आवळणारा) आणि ६, ८, १०, १२ व १६ मिमीचे कॉलेट एवढेच सध्या आणा. टेपर पुसून बसवा, ड्रॉबारने (स्पिंडलमधून जाणाऱ्या लांब बोल्टने) वरून ओढून घ्या आणि तोच डायल पुन्हा लावा. वीस मायक्रॉनच्या आसपास वाचन आले तर समाधान माना. त्याहून फार जास्त आले, तर कॉलेट काढून डायल थेट स्पिंडलच्या आतल्या टेपरला लावून पाहा. म्हणजे दोष चकचा की स्पिंडलचा, हे कळेल.

दुसरी गोष्ट वेगाची. १२ मिमीची हायस्पीड स्टीलची एंडमिल १५०० फेऱ्यांनी फिरवली, तर तिच्या धारेचा वेग मिनिटाला ५६ मीटरच्या वर जातो. बिडासाठी या कटरला वीसच्या आसपास पुरे, म्हणजे सुमारे ५३० फेऱ्या. तुम्ही जवळजवळ तिप्पट वेगाने तो चालवत आहात. दोन जॉब तरी तो कसा टिकला, याचेच मला आश्चर्य वाटते. शिवाय कास्टिंगच्या वरच्या कातडीत वाळूचे कण अडकलेले असतात आणि पातळ कडा लवकर थंड झाल्यामुळे कधी कधी काचेसारख्या कडक झालेल्या असतात. अशा कातडीवर पाव मिमीचे हलके काप घेत बसणे म्हणजे कटर वाळूवर घासणे. पहिला काप कातडीच्या खाली, दीड-दोन मिमी खोल घ्यावा, म्हणजे दाताचे टोक मऊ बिडात चालते आणि कातडी वरच्या बाजूने तुटून निघते. मशीनला तेवढी खोली झेपत नसेल तर कापाची रुंदी कमी करा, खोली नव्हे. पट्टा बदलण्याची कटकट दोन मिनिटांची आहे. ती आता अंगवळणी पाडून घ्या. बीड कोरडेच कापतात. त्याची काळी भुकटी तेलात मिसळली की सरकपट्ट्यांना पॉलिश पेपर लावल्यासारखे होते, म्हणून काम संपल्यावर टेबल पुसून, पुन्हा तेल देऊनच शेडचा दिवा बंद करावा.

व्हाइसबद्दल फार लिहीत नाही, कारण तो तुम्ही बदलणारच आहात. ड्रिलिंगच्या व्हाइसचा सरकता जबडा आवळताना वर उचलला जातो आणि जॉबही त्याच्याबरोबर उठतो. जॉबखाली पॅरलल (सारख्या उंचीच्या पट्ट्या) ठेवून त्यांच्या खाली कागदाचे कपटे घाला, व्हाइस आवळा आणि कपटे ओढून पाहा. एक जरी सहज निघाला, तरी तुमचा तळ समांतर येणार नाही. नवा व्हाइस येईपर्यंत सरकता जबडा आणि जॉब यांच्यामध्ये एक गोल सळई आडवी धरा आणि आवळल्यावर जॉब पितळेच्या हातोडीने खाली बसवा. आपल्याकडच्या जुन्या फिटरांचा हा रिवाज फुकटातला असला तरी भरवशाचा आहे. अर्थात इंजिनाचा सुमारे २४० मिमी लांबीचा बेड व्हाइसमध्ये धरूच नये. तो टेबलावर थेट क्लॅम्प लावून धरावा, आणि तळ समतल होईपर्यंत त्याच्या तीन जागांखालीच आधार द्यावा, कारण चौथा आधार बळजबरीने बसवला की क्लॅम्प आवळताना बेड वाकतो आणि सोडल्यावर पूर्ववत होऊन मिलिंग केलेली बाजू वाकडी दाखवतो.

आता मशीनच्या खऱ्या दोषाकडे येतो. गोल खांबाच्या मशीनमध्ये डोके वर-खाली घेण्यासाठी खांबावरची पकड सैल करावी लागते, आणि ती सैल केली की डोके खांबाभोवती थोडेसे फिरतेच. स्पिंडल खांबाच्या केंद्रापासून साधारण २०० मिमी अंतरावर असल्यामुळे केंद्र जागेवरून सरकते. ही सेटिंगची चूक नाही. त्या रचनेचाच तो स्वभाव आहे. काहीजण डोक्यावर लेसर बसवून समोरच्या भिंतीवर रेघ मारतात आणि डोके वर घेतल्यावर तीच रेघ पुन्हा गाठतात. भिंत खांबापासून तीन मीटरवर असेल आणि रेघ गाठताना तुमची एक मिमीची चूक झाली, तर स्पिंडलजवळ ती सुमारे ०.०७ मिमी होते. बोल्टच्या भोकांना एवढे चालते, मेन बेअरिंगच्या बोअरला मुळीच चालत नाही. त्याऐवजी मी असे करीन : सगळ्या भोकांचे सेंटर ड्रिलिंग डोके न हलवता एका सेटिंगमध्ये उरकून घ्यावे, लांबीने आखूड ड्रिल शक्य तेथे कॉलेटमध्ये धरावेत, म्हणजे बहुतेक काम क्विलच्या (डोक्यातून वर-खाली सरकणाऱ्या, स्पिंडल धरणाऱ्या नळीच्या) चालीतच बसते, आणि डोके हलवावेच लागले, तर त्यानंतर फक्त अशी कामे ठेवावीत, ज्यांत ड्रिल आधीच्या खुणेत स्वतः जाऊन बसेल. बोअरिंग नेहमी आधी, आणि त्यानंतर डोक्याला हात नाही.

हे सगळे करून दोन महिने काम करा, असा माझा पहिला आग्रह आहे. एका वहीत प्रत्येक जॉबची नोंद ठेवा : काय हवे होते, काय मिळाले, फरक कशामुळे पडला. ३१ वर्षे तुम्ही इतरांच्या कामाची अशी नोंद ठेवली आहे, तेव्हा नमुना मी सांगण्याची गरज नाही. दोन महिन्यांनंतर ज्या ओळींपुढे ‘खांब’ किंवा ‘टेबल अपुरे’ असे लिहिलेले असेल, तेवढ्याच ओळी नवे मशीन मागत आहेत.

त्या ओळी पुरेशा निघाल्या, असे धरून आता तुमच्या पर्यायांकडे वळू.

नवे बेंच मशीन मी नाकारतो. त्याचा खांब चौकोनी सरकपट्टीचा असल्याने डोके वर घेताना केंद्र हलणार नाही, हा त्याचा फायदा खरा आहे. परंतु ते १२० किलोचे आहे आणि तुमचे सध्याचे मशीन त्याच्या दुपटीहून जड आहे. मिलिंगमध्ये कंपन गिळण्याचे काम बिडाचे वजन करते. तुमच्या लाटांचा काही भाग मशीनच्या लवचीकपणामुळे असेल, तर या खरेदीने तो वाढेल. याच रचनेचे पण तीनशे किलोच्या आसपासचे मशीन मिळाले, तर तो विचार वेगळा. ते बहुधा तुमच्या मर्यादेबाहेर जाईल, कारण मशीनच्या किमतीखेरीज व्हाइस, कॉलेट, क्लॅम्पचा संच, पॅरलल, एज फाइंडर, डायल आणि कटर यांना किमान साठ-सत्तर हजार बाजूला काढून ठेवावेत, असे मला वाटते. हा खर्च जवळजवळ प्रत्येक पत्रलेखक विसरतो.

मात्र पुण्या-मुंबईच्या इमारतींत राहणाऱ्या वाचकांना हेच लहान मशीन योग्य ठरू शकते. निवासी खोल्यांच्या स्लॅबची रचना भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो चल भार धरून केलेली असते. लहान मशीन तुळईजवळ, भिंतीलगत ठेवता येते. एक टनाचे मशीन वरच्या मजल्यावर नेण्याचा विचारही करू नये.

सीएनसीविषयी थोडक्यात. तुमच्या मुलाची सूचना आपुलकीची आहे, पण चुकीच्या मशीनसाठी आहे. जुन्या स्क्रूमधला बॅकलॅश (मोकळी चाल) आपला हात ओळखतो आणि एकाच दिशेने येऊन तो टाळतो. मोटारीला ते ज्ञान नसते, म्हणून बॉल स्क्रू बसवावे लागतात, आणि एवढे करूनही गोल खांब गोलच राहतो. तुम्हाला एक इंजिन करायचे आहे, शंभर नाही. तुमच्या मशीनला काही जोडायचेच असेल तर डिजिटल रीडआउट जोडा. टेबल प्रत्यक्ष किती सरकले तेच तो मोजतो, त्यामुळे बॅकलॅशमुळे येणारी वाचनाची चूक नाहीशी होते. अर्थात कापताना टेबल ओढले जाण्याचा धोका त्याने जात नाही. तिथे कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध फीड देणे आणि न हलणारी दिशा लॉक करणे हेच औषध.

उरली दोन जुनी मशीने.

तुमच्या पत्रात इतर तीन पर्यायांना मिळून जेवढी जागा मिळाली, तेवढी एकट्या एफएन-टूला मिळाली आहे. तिच्या टेबलाचा रुंदपणा, हँडलचा थंड स्पर्श, फीडचा लिव्हर टाकल्यावर होणारा आवाज हे सगळे तुम्ही लिहिले आहे. आणि ३१ वर्षांत ती एकदाही चालवायला मिळाली नाही, कारण तपासणीच्या माणसाने मशीनला हात लावण्याची कारखान्यात पद्धत नव्हती, हेही लिहिले आहे. तेव्हा मला एक विचारावेसे वाटते. तुम्हाला इंजिनासाठी मशीन हवे आहे, की त्या मशीनसाठी इंजिन सापडले आहे? दुसरे उत्तर खरे असले तरी त्यात कमीपणा काहीच नाही. छंदाला कारण लागत नाही. फक्त कोणत्या कारणासाठी पैसे जात आहेत, हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

व्यवहार पाहिला तर एफएन-टू तुमच्या शेडची नाही. तिचे वजन दोन टनांच्या पुढे, मोटार पाच अश्वशक्तीच्या वर. तिला खरा थ्री-फेज पुरवठा आणि नीट पाया लागेल. १० बाय १४ फुटांत लेथ ठेवून ती बसवली, तर माणसाला उभे राहण्यासाठी अंगण वापरावे लागेल. भंगाराच्या भावात मिळते म्हणून ती स्वस्त, असेही समजू नका. हायड्रा क्रेन, ट्रक, पाया आणि वीज मिळून भंगारातली बचत संपून जाते.

म्हणून माझा कौल एम-वन-टीआरला आहे, काही अटींवर. पहिली अट, वर सांगितलेले साठ-सत्तर हजार धरूनही तो अडीच लाखांत बसेल इतका भाव खाली आला पाहिजे. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात १९३८ मध्ये पहिल्यांदा विकल्या गेलेल्या टरेट मिलिंग मशीनच्या घराण्यातले हे मशीन. डोके कलते, रॅम (डोके पेलणारा आडवा हात) मागे-पुढे सरकते, आणि जॉब वर न्यायचा तो नी (टेबल पेलणारा भाग) उचलून, त्यामुळे केंद्र जागेवर राहते. वजन एक टनाच्या आसपास. एकेकट्या वेगळ्या जॉबसाठी टूलरूमला जे लागते, तेच घरातल्या छंदाला लागते. म्हणूनच अजून आपल्याकडे डाय-मोल्डच्या लहान वर्कशॉपमध्ये ते टिकून आहे.

पाहायला जाताना सोबत डायल, मॅग्नेटिक स्टँड, एक पहार आणि स्वच्छ फडके न्या. ताज्या रंगाकडे पाहू नका. रंग जितका ताजा, तितके जास्त वेळ तपासा. टेबलाच्या मध्यभागी गिब (सरकपट्टीतला ढिलेपणा काढणारी पट्टी) अशी आवळा की सरकताना किंचित जड लागेल, आणि मग टेबल दोन्ही टोकांना न्या. टोकाला ते अडकू लागले, तर मधला भाग झिजलेला आहे. वापर नेहमी मध्येच होतो, त्यामुळे टोकांचा पट्टा नव्यासारखा राहतो. सरकपट्टीच्या टोकांना स्क्रॅपिंगच्या चंद्रकोरीसारख्या खुणा दिसत असतील आणि मध्ये त्या पुसून गेल्या असतील, तर तीच गोष्ट डोळ्यांनी दिसली. थोडी झीज चालते. ती किती, हे टेबलावर डायल फिरवून लिहून घ्या आणि भाव करताना वापरा. पहारीने नी हळूच उचलून काटा पाहा. स्पिंडलच्या आतल्या टेपरला डायल लावा, ०.०१ मिमीपर्यंत ठीक. टेपर आयएसओ-४० या मापाचा आहे का, हे विचारा आणि स्वतः बघा, कारण त्या टेपरची जुनी अवजारे आपल्या भागात मुबलक मिळतात. नंतर सर्वांत वरच्या वेगावर अर्धा तास मशीन चालू ठेवायला सांगा आणि बेअरिंगजवळ हात ठेवा. कोमट लागले तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर नमस्कार करून निघा. टेबलावर ड्रिलने पडलेली भोके मोजा. ती मशीनच्या अचूकतेला फारशी बाधा आणत नाहीत, पण आधीच्या मालकाने मशीन कसे वागवले ते सांगतात. क्विलचा स्वयंचलित फीड बंद असेल तर त्यासाठी सौदा मोडू नका. उलट तेलाच्या बारीक नळ्या तुंबलेल्या असतील तर सावध व्हा, कारण त्या तुंबून किती वर्षे झाली हे विक्रेता सांगणार नाही.

विजेचे आधी पाहा, मशीनचे नंतर. मोटार दोन अश्वशक्तीची असेल आणि तिची पाटी २३०/४१५ व्होल्ट, डेल्टा/स्टार असे सांगत असेल, तर तिच्या जोडण्या डेल्टामध्ये बदलून, सिंगल फेजवर चालणाऱ्या व्हीएफडीने (मोटारीचा वेग बदलणाऱ्या विद्युत उपकरणाने) ती घरच्या २३० व्होल्टवर चालते, आणि वेग कमी-जास्त करण्याची सोय मिळते ती वेगळीच. पाटीवर फक्त ४१५ डेल्टा असेल, किंवा मोटार दोन वेगांची असेल, तर हा मार्ग सरळ नाही. मशीनवरचा जुना उलट-सुलट फिरवण्याचा स्विच व्हीएफडी आणि मोटार यांच्या मध्ये ठेवू नका. चालू स्थितीत तो फिरवला की व्हीएफडी जळू शकतो. चालू-बंद, उलट-सुलट सगळे व्हीएफडीच्या नियंत्रण तारांवरून घ्यावे. हे काम गल्लीतल्या वायरमनकडून न करता मोटार-पॅनेलची सवय असलेल्या माणसाकडून करून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. महावितरणकडे भार वाढवून घरगुती थ्री-फेज जोडणी मागता येते. मात्र पुढे मित्रांची कामे पैसे घेऊन करू लागलात, तर घरगुती दर लागू राहीलच असे नाही, हे ध्यानात असू द्या.

जागेविषयी माझीच फजिती सांगतो. मी माझे पहिले टरेट मशीन घेतले तेव्हा दार मोजले, छताची उंची मोजली, मशीनची उंचीही मोजली. मशीन माळ्याखाली चार बोटे जागा सोडून छान बसले. पहिला कटर बदलायला गेलो, तेव्हा कळले की ड्रॉबार वरून ओढून काढायचा असतो आणि तो दीड फुटाचा आहे. शेवटी माळ्याच्या फळीला भोक पाडले. घरी त्या भोकाला अजून माझ्या नावाने ओळखतात. तेव्हा तुम्ही मशीनच्या डोक्यावर दोन फूट मोकळे ठेवा. आडवी जागा मोजताना टेबलाची लांबी धरून थांबू नका. चार फुटांचे टेबल दोन फूट चालत असेल तर त्याला सहा फुटांचा पट्टा रिकामा लागतो, आणि हँडलवर बोटे चिरडू नयेत म्हणून भिंतीपासून आणखी वीतभर. पायांखालच्या फरशा काढून मशीन थेट काँक्रीटवर बसवा. शेड जमिनीवर असल्याने एक टनाचे भय नाही, पण काँक्रीट चार इंचांपेक्षा पातळ असेल तर तेवढा तुकडा नव्याने घाला. मशीन हलवताना ते डोक्याकडे जड असते. रॅम मागे घ्या, डोके उलटे करून खाली वळवा, नी खाली आणा, आणि पाइपांवरून सरकवताना मदतीला उत्साही मित्र न बोलावता रोज मशीन हलवणारे लोक बोलवा.

तुम्ही ‘एकदाच घ्यावे’ असे लिहिले आहे. माझ्या पाहण्यात घरगुती वर्कशॉप असे एका खरेदीत पूर्ण झालेले नाही. तुमचे सध्याचे मशीन दोन महिन्यांनीही विकू नका, एवढेच त्यावर म्हणेन. एम-वन-टीआर आल्यानंतरही ते जड ड्रिलिंग मशीन म्हणून उत्तम चालेल, आणि कॉलेट चक तसाच कामी येईल.

आणि एफएन-टूचे असे करा. ती भंगारात जाण्यापूर्वी त्या वर्कशॉपच्या मालकांना भेटा. मशीन नको, पण तिच्यासोबतचा मशीन व्हाइस, आयएसओ-४० चे होल्डर असतील तर ते आणि डिव्हायडिंग हेड (जॉब समान भागांत फिरवणारे साधन) विकणार का, ते विचारा. भंगारवाला त्यांनाही किलोवर मोजणार आहे, त्याआधी तुम्ही पोहोचा. व्हाइस तुमच्या टेबलाला फार मोठा वाटला तर सोडून द्या, डिव्हायडिंग हेड मात्र सोडू नका. तुमच्या इंजिनाला क्रँकवर २० आणि कॅमवर ४० दातांचे गिअर लागणार असतील, तर नेहमीच्या चाळीसास एक प्रमाणाच्या हेडवर पहिल्याला दर दातामागे दोन फेरे आणि दुसऱ्याला एक फेरा, इतका सोपा हिशेब आहे.

मशीन अजून विजेला जोडलेले असेल तर जाताना तुमचे बेडचे कास्टिंगही बरोबर न्या. आर्बरवर (कटर चढवण्याच्या आडव्या दांड्यावर) ६३ मिमीचा स्लॅब कटर चढवायला सांगा, ऐंशी-नव्वद फेऱ्या ठेवायला सांगा, आणि तळाचा पहिला काप, कातडीच्या खालचा, तिथल्या कारागिराला शेजारी उभे करून तुम्ही स्वतः घ्या. मालक बहुधा नाही म्हणणार नाहीत.